लोलकाच्या धड्यात न्यूटन कुठे आहे?

‘तानापिहिनिपाजा’ हा मराठी शाळेतला बहुधा सर्वांत यशस्वी वैज्ञानिक शब्द. शाळा सोडून चाळीस वर्षे झालेली माणसेही तो न अडखळता म्हणून दाखवतात. मात्र त्यातल्या ‘पा’चा पारवा रंग नेमका कोणता, असे विचारले की गाडी अडते. व्यवहारात पारवा म्हणजे कबुतराच्या पाठीचा, राखेकडे झुकणारा निळसर रंग. राखी छटा म्हणजे मंद झालेला पांढरा. वर्णपटात तिला जागाच नाही. तरी पिढ्यान्‌पिढ्या आपण इंद्रधनुष्यात पारवा शिकवतो, मुले तो उत्तरपत्रिकेत लिहितात आणि त्यांना गुणही मिळतात. आकाशाकडे बोट दाखवून ‘बाई, यात पारवा कुठे आहे?’ असे विचारणारा विद्यार्थी भेटला तर त्याला जपावे.

मूळ शब्द ‘इंडिगो’, म्हणजे आपली नीळ. या शब्दातच हिंदुस्थानचे नाव दडलेले आहे, आणि सतराव्या शतकात सुरतेच्या वखारीतून इंग्रजांची कंपनी ती नेत असे. इंग्लंडात बसून न्यूटनने वर्णपटातल्या एका पट्टीला आपल्याकडून गेलेल्या रंगाचे नाव दिले, आणि ते नाव मराठीत परत येताना कबुतराच्या पाठीवर बसून आले. असो. नावाची चूक सुधारता येते. आमची खरी तक्रार वेगळी आहे.

प्रकाशाच्या अपस्करणाचा शालेय धडा साधारणपणे असा असतो. खिडकीतून आलेला सूर्यप्रकाश काचेच्या लोलकावर पाडला की समोर सात रंगांचा पट्टा दिसतो. म्हणून पांढरा प्रकाश सात रंगांचा बनलेला आहे. दुसरा लोलक उलटा ठेवला की रंग एकत्र येऊन पुन्हा पांढरा प्रकाश मिळतो. सात रंगांची तबकडी जोरात फिरवली की ती पांढरी दिसते. तिला न्यूटनची तबकडी म्हणतात. शेजारी लांब केस सोडलेल्या न्यूटनचे चित्र. खाली स्वाध्याय.

या धड्यातला ‘म्हणून’ हा शब्द आम्हांला खटकतो. लोलकातून रंग बाहेर आले एवढ्यावरून ते आधी प्रकाशात होते, हे कसे ठरले? धोब्याच्या घरून कपडे नीळ लागून आले तर ती नीळ आधीपासून कापडात होती, असे आपण म्हणत नाही. लोलकानेच प्रकाशाला रंग दिले नसतील कशावरून? ही शंका दर वर्षी कुठल्या ना कुठल्या वर्गात कोणाला तरी येत असणार. धड्यात तिला उत्तर नाही, आणि शिक्षकाच्या हाती धड्याखेरीज दुसरे काही नसेल तर ‘न्यूटनने सिद्ध केले आहे’ एवढेच तो सांगू शकतो. म्हणजे ज्या माणसाने कोणाच्याही शब्दावर विश्वास न ठेवता प्रयोग केला, त्याच्या शब्दावर विश्वास ठेवा, असे आपण मुलांना सांगतो.

वास्तविक ही शंका न्यूटनच्या काळात शंका नव्हती, ते प्रचलित मत होते. लोलकातून रंग दिसतात हे न्यूटनच्या पुष्कळ आधीपासून माहीत होते. पांढरा प्रकाश शुद्ध आणि साधा. काचेतून जाताना त्यात काही बदल होतो आणि रंग उपजतात, असे विद्वान मानत. रॉबर्ट हुकच्या १६६५ सालच्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथातले विवेचन याच वळणाचे आहे. तेव्हा न्यूटनला रंग दिसले यात नवल काही नव्हते. त्याला नवल वाटले ते भलत्याच गोष्टीचे, आणि धड्यातून नेमकी तीच गळली आहे.

पट्ट्याची लांबी

न्यूटनने रॉयल सोसायटीला फेब्रुवारी १६७२ मध्ये पाठवलेल्या पत्रात मोजमापे दिली आहेत. खिडकीच्या झडपेला पाव इंचाचे भोक, त्याच्याजवळ लोलक, आणि २२ फुटांवर भिंत. आपल्या मापांत सांगायचे तर भोक साडेसहा मिलिमीटरांच्या आतले आणि अंतर ६.७ मीटर. भिंतीवरचा रंगीत पट्टा १३ १/४ इंच लांब आणि २ ५/८ इंच रुंद, म्हणजे सुमारे ३३.७ सेंटिमीटर लांब व ६.७ सेंटिमीटर रुंद होता. टोके अर्धवर्तुळाकार, बाजू सरळ.

आता फळ्यावर हे गणित करून पाहावे. सूर्यबिंब आपल्या डोळ्याशी साधारण अर्ध्या अंशाचा, अधिक नेमके म्हणजे ३१ मिनिटांचा कोन करते. रेडियनमध्ये हा कोन ०.००९ होतो. ६७० सेंटिमीटर अंतरावर त्याची रुंदी ६७० × ०.००९, म्हणजे ६ सेंटिमीटर. त्यात भोकाची रुंदी मिळवली की ६.७ भरले. पट्ट्याची रुंदी अगदी जमली! लोलक नसता तर भिंतीवर एवढ्याच व्यासाचा गोल कवडसा पडला असता.

लांबीचे मात्र गणित जमत नाही. ३३.७ मधून भोकाचे ०.६ वजा करून ६७० ने भागले तर कोन येतो ०.०४९ रेडियन, म्हणजे पावणेतीन अंशांहून थोडा अधिक. अर्ध्या अंशाच्या सूर्यातून आलेले किरण पावणेतीन अंशांत पसरले कसे?

यावर कोणी म्हणेल, लोलक तिरपा धरला तर कवडसा लांबणारच. हे खरे आहे, आणि न्यूटनला ते ठाऊक होते. म्हणून त्याने लोलक एका ठरावीक स्थितीत ठेवला. लोलक हळूहळू फिरवत गेले तर पट्टा भिंतीवर एका दिशेने सरकतो, एका जागी क्षणभर थबकतो आणि उलट फिरतो, झोका टोकाला जाऊन परतावा तसा. तो जिथे थबकतो ती किमान विचलनाची स्थिती. तिथे आपाती कोन थोडा बदलला तरी विचलन जवळजवळ बदलत नाही. सूर्याच्या वरच्या कडेचा किरण आणि खालच्या कडेचा किरण यांच्यात आत शिरताना अर्ध्या अंशाचा कोन असेल, तर बाहेर पडतानाही तो अर्धाच अंश राहिला पाहिजे. अपवर्तनाचा नियम सर्व प्रकाशाला सारखा असेल तर या स्थितीत कवडसा गोलच पडायला हवा. तो पाचपट लांब पडला. या एका विसंगतीवर सगळा सिद्धांत उभा आहे. मुलांना आपण ‘रंग मोजा’ म्हणतो. न्यूटनने लांबी मोजली होती.

मग त्याने एकेक संशय घेतला. काचेची जाडी बदलून पाहिली, भोक लहानमोठे केले. काचेतल्या दोषांमुळे प्रकाश विसकटत असेल का, हे पाहण्यासाठी दुसरा तसाच लोलक उलटा लावला. दोषच कारण असता तर दुसऱ्या लोलकाने विसकटणे वाढवले असते. प्रत्यक्षात कवडसा पुन्हा गोल झाला. म्हणजे धड्यात दुसऱ्या क्रमांकावर येणारा उलट्या लोलकाचा प्रयोग त्या पत्रात आधी या कामासाठी येतो. लोलकातून निघालेले किरण, फिरकी दिलेल्या टेनिसच्या चेंडूसारखे, वाकड्या वाटेने जात असतील काय, हेही त्याने तपासले. पत्रातली ही कथा प्रत्यक्षात याच क्रमाने घडली नसावी, असे त्याच्या वह्या वाचलेल्या अभ्यासकांचे मत आहे. तरीही शंका कशी घ्यावी याचा धडा म्हणून ती उत्तमच.

दोन भोकांची युक्ती

यानंतर येतो तो प्रयोग ज्याला न्यूटनने निर्णायक म्हटले. लोलकाच्या मागे लगेच एक फळी, तिला लहान भोक. तिच्यापासून बारा फुटांवर दुसरी फळी, तिलाही तसेच भोक. दुसऱ्या फळीमागे दुसरा लोलक. फळ्या आणि दुसरा लोलक घट्ट बसवलेले. हलवायचा तो फक्त पहिला लोलक. तो थोडाथोडा फिरवला की कधी तांबडा भाग, कधी हिरवा, कधी निळा दुसऱ्या भोकातून पुढे जातो.

यातली खुबी दोन भोकांत आहे. दोन बिंदूंतून एकच सरळ रेषा जाते. तेव्हा रंग कोणताही असो, तो दुसऱ्या लोलकावर त्याच जागी आणि त्याच कोनात पडतो. लोलक तोच, आपाती कोन तोच. वेगळा फक्त किरण. तरी निळा दरवेळी जास्त वळला आणि तांबडा कमी. पहिल्या लोलकात जो जास्त वळला होता तोच दुसऱ्यातही जास्त वळला. वळण्याचे प्रमाण हा काचेचा लहरीपणा नसून प्रत्येक किरणाचा ठरलेला गुण आहे, एवढे यातून पक्के होते. दोन पुठ्ठे आणि एक जादा लोलक एवढ्या सामग्रीत हा प्रयोग होतो. मग धड्यात तो का नसावा? साठ मुलांच्या वर्गात एकच लोलक असतो आणि तासिका पस्तीस मिनिटांची असते, हे आम्ही जाणतो. पण निदान आकृती तरी देता येईल.

हा प्रयोग करून पाहणाऱ्या शिक्षकांना एक अनुभव हमखास येईल, त्याची पूर्वसूचना द्यायला हवी. पुठ्ठ्याच्या भोकातून फक्त जांभळा घ्यावा आणि दुसऱ्या लोलकातून त्याला थोडी तांबडी-पिवळी किनार फुटावी! फ्रान्समध्ये मॅरियटला हेच दिसले आणि १६८१ मध्ये त्याने न्यूटनचा सिद्धांत चुकल्याचे जाहीर केले. मॅरियट काही ऐरागैरा नव्हता. वायूंच्या नियमात बॉइलच्या जोडीने त्याचे नाव येते. कारण पुन्हा गणितात आहे. भिंतीवरचा पट्टा म्हणजे एकमेकांवर सरकून पडलेल्या, प्रत्येकी ६.७ सेंटिमीटर व्यासाच्या रंगीत चकत्या. त्यांची केंद्रे ३३.७ उणे ६.७, म्हणजे २७ सेंटिमीटरांत विखुरलेली आहेत. म्हणून पट्ट्याच्या मधल्या कोणत्याही बिंदूवर वर्णपटाचा सुमारे चौथा हिस्सा एकावर एक पडलेला असतो. डोळ्याला एक रंग दिसतो, पण तो शुद्ध नसतो. शुद्ध हवा असेल तर चकत्या बारीक करायला हव्यात. ‘ऑप्टिक्स’मध्ये न्यूटनने यासाठी भिंग वापरले आणि गोल भोकाऐवजी अरुंद फटही घेतली. १६७२ च्या पत्रात मात्र ही काळजी पुरेशी सांगितलेली नाही, आणि लोकांना प्रयोग जमला नाही याचा दोष त्याच्याकडेही जातो. सोसायटीसमोर जॉन देझाग्युलिए यांनी हे प्रयोग पुन्हा करून दाखवले ते थेट १७१४ नंतर.

त्याच जातीची आणखी एक गंमत. लोलक डोळ्याला लावून पांढऱ्या भिंतीकडे पाहिले तर भिंत पांढरीच दिसते. रंग दिसतात ते खिडकीच्या चौकटीला, फळ्याच्या कडेला. जर्मन कवी गटे यांनी हे पाहिले आणि न्यूटन साफ चुकला असे ठरवून १८१० मध्ये रंगांवर भलाथोरला ग्रंथ लिहिला. भिंतीच्या मधल्या भागात सर्व रंगांच्या चकत्या एकमेकींवर पुरत्या पडतात आणि फक्त कडेला उघड्या राहतात, एवढे कळले की कोडे सुटते. (मुलांच्या हाती लोलक देताना त्यातून सूर्याकडे पाहू न देण्याची खबरदारी घ्यावी.)

हुकचे म्हणणे

रॉयल सोसायटीने न्यूटनचे पत्र हुककडे अभिप्रायासाठी दिले. आठवडाभरात त्याचे उत्तर आले: प्रयोग मान्य, निष्कर्ष अमान्य. ऑर्गनच्या भात्यातल्या हवेत सूर आधीपासून भरलेले नसतात, ते नळ्यांतून निघताना तयार होतात. तसेच रंगांचे असेल. आपण पेटीच्या भात्याचे उदाहरण घेऊ. हवा सगळ्या पट्ट्यांना एकच मिळते, सूर मात्र वेगळे निघतात. हुकचा हा आक्षेप वर्गातल्या शंकेहून वेगळा नाही, आणि दुसऱ्या लोलकाच्या प्रयोगाने तो पुरता मोडतही नाही. पहिल्या लोलकाने रंग घडवले आणि घडवलेले रंग पुढे टिकून राहिले, असे हुकला म्हणता येतेच. पुस्तके न्यूटनला विजयी आणि हुकला भांडखोर ठरवून मोकळी होतात. हुक १७०३ मध्ये वारला आणि ‘ऑप्टिक्स’ १७०४ मध्ये बाहेर पडले, हा निव्वळ योगायोग असावा असे फार थोड्या चरित्रकारांना वाटते.

हुकच्या शंकेला वर्गात उत्तर देण्याचा एक स्वस्त मार्ग आहे. स्पिरिटच्या दिव्याच्या ज्योतीत मिठाचे खडे धरावेत. ज्योत पिवळीधमक होते. ती काळोख्या खोलीत अरुंद फटीमागे ठेवून लोलकातून पाहावी. पांढऱ्या दिव्याच्या फटीचा जिथे रंगीत पट्टा होतो, तिथे या फटीची फक्त एक पिवळी प्रतिमा दिसते, जवळजवळ तेवढीच बारीक. लोलक तोच, काच तीच. रंग देणे हे लोलकाचे काम असते तर त्याने इथे हात का आखडता घेतला? लोलक जे आले त्याची वाटणी करतो, पदरचे घालत नाही. हा प्रयोग न्यूटनने केलेला नाही. पण त्याच्या बाजूने इतका साधा साक्षीदार दुसरा नाही.

आणि तरी हुक अगदीच हरला असे म्हणता येत नाही. १८८६ मध्ये फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ गुई याने दाखवले की पांढरा प्रकाश म्हणजे अनियमित, आखूड स्पंदांची मालिका असे मानले, किंवा निरनिराळ्या वारंवारतांच्या अखंड तरंगांची बेरीज असे मानले, तरी लोलकातून एकच उत्तर निघते. गणिताच्या दृष्टीने ही दोन वर्णने एकाच गोष्टीची आहेत. सूर्याच्या पृष्ठभागावरून तांबडे तरंग आणि निळे तरंग वेगवेगळ्या पुड्या बांधून निघत नाहीत. कोणत्या वारंवारतेला किती ऊर्जा, हे सूर्य ठरवतो. त्या वारंवारता सुट्या करून दाखवण्याचे काम लोलक करतो. तेव्हा ‘रंग आधीपासून होते का?’ या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर अकरावी-बारावीच्या मुलांना सांगण्याजोगे आहे: त्या वारंवारतांची ऊर्जा आधीपासून होती, सुटे रंगीत किरण होते असे मानलेच पाहिजे असे नाही.

तबकडी, सात आणि पांढरा

आता तबकडीकडे वळू. ज्यांनी ती फिरवली आहे त्यांना ती पांढरी दिसत नाही, मळकट राखाडी दिसते हे माहीत आहे. तरी मुलांनी वहीत ‘पांढरी दिसते’ असेच लिहायचे असते. डोळ्यांना दिसलेले खोडून पुस्तकातले लिहिण्याचे इतके उघड शिक्षण दुसऱ्या कोणत्या धड्यात मिळत असेल असे आम्हांला वाटत नाही.

पहिली गोष्ट, ही तबकडी ‘ऑप्टिक्स’मध्ये नाही. तिथे सात भागांचे वर्तुळ आहे खरे, पण ते रंगांच्या मिश्रणाचा हिशेब करण्यासाठी काढलेली आकृती आहे, फिरवायचे चाक नव्हे. दुसरी गोष्ट, राखाडी का दिसते हे न्यूटनने स्वतः स्वच्छ लिहून ठेवले आहे. रंगीत पदार्थ अंगावर पडलेल्या प्रकाशाचा मोठा भाग गिळतो आणि थोडाच परत पाठवतो. अशा सात पदार्थांची सरासरी पांढऱ्या कागदाइतकी उजळ कशी होणार? त्याने हरताळ, जंगाल, जांभळी आणि निळी अशा भुकट्या मिसळल्या. मिश्रण राखी झाले. मग ते खोलीच्या जमिनीवर उन्हाच्या कवडशात पसरले आणि शेजारी सावलीत पांढरा कागद ठेवला. दुरून दोन्ही सारखेच पांढरे दिसले. तेवढ्यात एक मित्र आला. त्याला काही न सांगता विचारले, यांतले अधिक पांढरे कोणते? मित्राला ठरवता आले नाही.

हा प्रयोग आमच्या मते साऱ्या ग्रंथातला सर्वांत शहाणा प्रयोग आहे. राखाडी म्हणजे कमी प्रकाशातला पांढरा, हे तो एका दृष्टिक्षेपात दाखवतो. शाळेतही तबकडी उन्हात फिरवावी, पांढरा कागद सावलीत ठेवावा, आणि काय चालले आहे हे ठाऊक नसलेल्या शेजारच्या वर्गातल्या मुलाला बोलवावे.

सात या आकड्याचेही असेच आहे. न्यूटनने आधी पाच मुख्य रंग मानले होते: तांबडा, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा. नारंगी आणि नीळ नंतर आले, कारण त्याला वर्णपटाचे भाग संगीताच्या सप्तकातल्या अंतरांशी जुळवायचे होते. सीमारेषा आखायला त्याने एक मदतनीस घेतला, ज्याची रंग पारखण्याची नजर आपल्यापेक्षा तीक्ष्ण असल्याचे तो सांगतो. मधल्या छटांना गणती नाही, हेही तोच सांगतो. तेव्हा ‘सात’ हे निरीक्षण नव्हे, ती स्वरांची आवड आहे. वर्णपटाच्या दोन्ही टोकांपलीकडे न दिसणारा प्रकाश असतो, हे १८०० मध्ये हर्शेलने आणि १८०१ मध्ये रिटरने दाखवले. त्यालाही या सातांत स्थान नाही.

‘पांढरा म्हणजे सर्व रंगांची बेरीज’ हे वाक्य आज तपासायला मुळीच कष्ट नाहीत. जुन्या सीडीच्या चकचकीत बाजूत पांढऱ्या एलईडी दिव्याचे प्रतिबिंब पाहावे. सामान्य पांढऱ्या एलईडीत निळा प्रकाश देणारी चकती असते आणि तिच्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या भुकटीचा लेप. वर्णपटात ठसठशीत निळा, मग एक फिका पट्टा, आणि पुढे हिरव्यापासून तांबड्यापर्यंत पसरलेला भाग दिसतो. मोबाइलच्या पडद्यावरचा पांढरा तर तांबडा, हिरवा, निळा या तिघांच्या भांडवलावर चालतो. डच शास्त्रज्ञ हायगेन्सने १६७३ मध्येच विचारले होते की, पिवळा आणि निळा एवढे दोनच पांढऱ्याला पुरणार नाहीत काय? न्यूटनने त्याला दाद दिली नाही. दोन शुद्ध रंगांतून पूर्ण पांढरा आपल्याला कधी मिळाला नाही, असे ‘ऑप्टिक्स’मध्ये तो लिहितो. हेल्महोल्ट्झने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास असे जोडरंग शोधून हायगेन्सची बाजू खरी ठरवली.

सूर्याचा पांढरा आणि मोबाइलचा पांढरा लोलकाला वेगळे दिसतात, डोळ्याला एकच. कारण डोळ्यात रंगांसाठी तीनच प्रकारच्या शंकुपेशी आहेत आणि त्या तिघी समान चेतवल्या की पांढऱ्याची जाणीव होते. किरणाला स्वतःचा रंग नसतो, रंगाची जाणीव उत्पन्न करण्याची शक्ती असते, ही सूक्ष्म सूचना खुद्द न्यूटनच्या ग्रंथात आहे. शालेय धडा तिच्याकडे फिरकत नाही, त्यामुळे प्रकाशाचा गुण आणि डोळ्याचा गुण यांची सरमिसळ होते आणि पुढे चित्रकलेच्या तासाला पिवळा व निळा मिसळून हिरवा झाला की मुलांचा गोंधळ पुरा होतो.

न्यूटनचा हट्ट

‘ऑप्टिक्स’ इंग्रजीत लिहिलेले आहे, ‘प्रिन्सिपिया’सारखे लॅटिनमध्ये नाही, आणि त्याचा पहिला भाग दहावीचे गणित येणाऱ्याला वाचता येतो. प्रत्येक शिक्षकाने तो चाळावा असे आम्ही सुचवू. पण चाळताना तो पोथीसारखा चाळू नये. दुसऱ्या भागात पातळ थरांच्या रंगांची जी मोजमापे आहेत ती इतकी चोख की १८०१ मध्ये टॉमस यंगने त्यांवरूनच प्रकाशाची तरंगलांबी काढली. त्यांचे न्यूटनने दिलेले स्पष्टीकरण मात्र ओढूनताणून आणलेले आहे. आणि पहिल्या भागातही एक जागा अशी आहे जिथे तो उघडउघड चुकला.

बेल्जियममधील लिएज येथून अँथनी लुकास या जेझुइट पाद्र्याने १६७६ मध्ये कळवले की प्रयोग करून पाहिला, पट्टा लांबट येतो हे खरे, पण तो पाचपट नाही, फार तर साडेतीनपट आहे. न्यूटनने ही मोजणीतली हयगय मानली आणि पत्रव्यवहार कडवट होऊन संपला. लुकासची काच वेगळी असू शकते, वेगळ्या काचेत विचलन जवळपास तेवढेच पण रंगांची फाकणी वेगळी असू शकते, या शक्यतेला त्याने जागाच दिली नाही. फाकणी ही विचलनाच्या प्रमाणातच असते असे धरून तो चालला, आणि त्यावरून भिंगांच्या दुर्बिणीतले रंगदोष कधीच जाणार नाहीत असे त्याने ठरवले. आरशाची दुर्बीण त्याने याच समजुतीपोटी पुढे आणली. दुर्बीण उत्तम, समजूत चूक.

‘ऑप्टिक्स’मध्ये पाण्यात ठेवलेल्या काचेच्या लोलकाचा एक प्रयोग आहे. वळणे रद्द झाली की रंगही रद्द होतात, असा त्याचा निकाल न्यूटनने दिला आहे. लंडनच्या जॉन डॉलंडने १७५७ मध्ये तो करून पाहिला तेव्हा निकाल निराळाच आला: वळण नाहीसे झाले तरी रंग राहिले. मग उलटही साधेल, रंग घालवून वळण ठेवता येईल, हे त्याने ओळखले. क्राउन आणि फ्लिंट अशा दोन काचांची भिंगे जोडून त्याने रंगदोष नसलेले भिंग केले आणि १७५८ मध्ये त्याचे पेटंट घेतले. चेस्टर मूर हॉल नावाच्या वकिलाने अशी भिंगे पाव शतक आधीच करवून घेतली होती, पण गाजावाजा केला नव्हता. न्यूटनचे नाव इतके मोठे झाले होते की त्याचा एक प्रयोग पुन्हा करून पाहायला अर्धे शतक लागले.

शाळेच्या कपाटात दोन निरनिराळ्या काचांचे लोलक असण्याचा संभव बराच असतो; जुना जड लोलक पुष्कळदा फ्लिंटचा निघतो. दोन्ही आळीपाळीने किमान विचलनाच्या स्थितीत ठेवून, भिंत तितक्याच अंतरावर ठेवून, पट्ट्यांची लांबी आणि रुंदी मोजावी. रुंदी दोहोंची सारखी येईल. साठ अंशांच्या लोलकांत फ्लिंटची फाकणी साध्या क्राउन काचेच्या सुमारे दुप्पट किंवा त्याहूनही अधिक भरते. मोजमापे मुलांना घेऊ द्यावीत आणि आकडे जसे येतील तसे वहीत लिहू द्यावेत.